दोन बोटं उघडी काच

हिंगणीहून निघताना श्रीधरनेच बजावलं होतं, "काचा गच्च लावा, लहानूभाऊ. लू आत नाई आली पाह्यजे."

मागच्या सीटवर त्याचे वडील, हरिभाऊ मास्तर, आईच्या मांडीवर डोकं टेकून पडले होते. काल भर उन्हात चक्कर येऊन कोसळले, तेव्हापासून अंग तव्यासारखं तापलेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंग गार ठेवा, एवढंच गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून तर प्रभाकरराव वकिलांनी आपली मोटार दिली, ड्रायव्हर लहानूसकट. तिच्या पुढच्या खिडकीत पत्र्याचा डबा बसवलेला होता, आत ओला वाळा. मोटार धावली की वारा त्या वाळ्यातून गार होऊन आत यायचा.

आज येत नव्हता.

कोसभरावर श्रीधरने मोटार थांबवायला लावली. डब्यात पाणी होतं. वाळा उपसून पाहिला, तो चिंब होता. डब्याचं तोंडही वाऱ्याकडेच होतं. तरी त्याने विहिरीवरून घागर आणून ओतली.

"परवा तं वकीलसाहेब शाल मागत होते," लहानू म्हणाला. "बी.एस्सी.ले हा डबा नाई शिकवत वाटते?"

हरिभाऊंनी डोळे किलकिले केले. "पेपरात आलता का रे हा प्रश्न?"

"नाई, बाबा."

"मंग सोडून दे. पुढचा घे."

आई हसली. तिने कपाळावरची ओली घडी बदलली.

सेलू मागे पडलं. आत वाळ्याचा वास दाटला होता, पण हवा चिकट आणि मेलेली. श्रीधरने रुमालाचं टोक डब्यासमोर धरलं. मोटार धावत होती आणि रुमाल नुसता लोंबत होता. आतल्या हवेला बाहेर जायला वाटच नव्हती, मग नवी हवा शिरणार कुठून? वारा नसेल तर ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा उतरत नाही, हे कॉलेजच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

मागे वळून त्याने मागची काच दोन बोटं खाली केली. रुमाल फडफडला. गार झोत वडिलांच्या तोंडावर गेला.

"आता बरं वाटून राह्यलं," हरिभाऊ म्हणाले.

वर्ध्याचं रेल्वे फाटक आलं, तेव्हा आईने त्यांच्या छातीवर ठेवलेला हात उचललाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"जाता जाता गार वारा लागला त्यायले," आई म्हणाली. "तुयामुळं रे."

काचा कोणी लावायला सांगितल्या होत्या, हे श्रीधरच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरलं.

हरिभाऊंना पुन्हा मागच्या सीटवर निजवून परत निघताना लहानू सवयीने घागर घेऊन डब्यापाशी गेला आणि थबकला.

"ओत," आई म्हणाली.

लहानूने पाणी ओतलं. श्रीधरने मागची काच दोन बोटं खाली केली.