जंतूंचं वकीलपत्र

वकीलसाहेबांनी उभी हयात भाडेकरूंची बाजू लढवण्यात घालवली. त्यांचं नुसतं नाव काढलं तरी घरमालकांना ठसका लागायचा. निवृत्त झाल्यावर ते गच्चीतल्या कुंड्यांशी हुज्जत घालत बसलेले असायचे. तेवढ्यात अंतराळ मोहिमांना परवानगी देणाऱ्या आयोगाकडून बोलावणं आलं.

झालं होतं असं. मंगळावर माणसं उतरवायची सगळी तयारी झाली, आणि आधी पाठवलेल्या यंत्राला तिथल्या खारट चिखलात काहीतरी वळवळताना दिसलं. जंतूच ते, पण जिवंत. माणसाच्या अंगावरचे जंतू तिथे पोचले तर या बिचाऱ्यांचा फडशा पाडतील, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं. मग सुनावणी नेमली गेली. नियम असा, की ज्याचं नुकसान व्हायची शक्यता आहे त्याला वकील हवा. पण अशील मंगळावर आणि फी कुठेच नाही, अशा खटल्याला कोण हात लावणार?

"घेतलंत वकीलपत्र?" बायकोने विचारलं.

"घेतलं."

"अहो, पण तिथे पहिलं पाऊल टाकणार आहे ती आपली लेक!"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "तसं मी आयोगाला सांगितलं. ते म्हणाले, दुसरं कुणी मिळत नाही."

लेकीने त्या दिवसापासून बापाशी अबोला धरला. सरावातून सुट्टीला आली, की जेवताना आईकडे बघून म्हणायची, "आई, जंतूंच्या वकिलांना सांग, मीठ इकडे सरकवा." वकीलसाहेब मीठ सरकवायचे आणि तेही आईकडेच बघून म्हणायचे, "प्रतिपक्षाला सांग, अळणी खाल्लेलं प्रकृतीला बरं."

"मी काय टपालखातं आहे?" आई ताट घेऊन उठायची.

सुनावणीला वकीलसाहेब जुन्या काळ्या कोटात उभे राहिले. कोट पोटावर लागत नव्हता. "माझ्या अशिलांचा त्या जागेवर कोट्यवधी वर्षांचा ताबा आहे," त्यांनी सुरुवात केली. "अखंड आणि उघड वहिवाट."

"उघड कसली? सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत ते!" मोहिमेचे संचालक बसल्या जागेवरून ओरडले.

"बघायला कुणी गेलं नाही, हा त्यांचा दोष नव्हे."

अध्यक्षबाईंनी हसू खोकल्यात लपवलं.

मग संचालकांनी साक्षीला लेकीलाच उभं केलं. अंतराळपोशाख किती भक्कम असतो, ते तिने पढवल्याप्रमाणे सांगितलं. मग वकीलसाहेब उलटतपासणीला उठले.

"तुमच्या पोशाखाच्या सांध्यांतून हवा अजिबात सुटत नाही?" त्यांनी लेकीला अहोजाहो केलं.

लेकीने संचालकांकडे पाहिलं. ते जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. "थोडी सुटते," ती म्हणाली. संचालकांची मान थांबली.

"त्या हवेबरोबर बाहेर कोण पडतं?"

"माझे जंतू. माणूस एकटा कुठेच जात नाही, साहेब. सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जातो."

खटला तिथेच जिंकला होता. मुकाट्याने खाली बसायचं, तर मध्येच बाप तडमडला. "तुला जायचंय ना गं?"

"प्रश्न गैरलागू आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

लेक मात्र उत्तर देऊन मोकळी झाली. "खूप. कळायला लागल्यापासून. पण कुणाच्या घरात न विचारता शिरू नये, हेही कळतं. दार ठोठावलं असतं हो मी. उघडणार कोण?"

अध्यक्षबाईंनी ते उत्तर नोंदवून घ्यायला सांगितलं.

निकाल लागला. माणसांनी मंगळाभोवती घिरट्या घालाव्यात. खाली जाईल ते फक्त भट्टीत तापवून निर्जंतुक केलेलं यंत्र, आणि तेही ओल्या जागेपासून लांबच थांबेल. वकीलसाहेब खटला जिंकून घरी आले आणि न जेवता आडवे झाले. बायकोने ताट झाकून ठेवलं, पण ऐकवलंच, "एवढ्या लोकांची घरं वाचवलीत. पोरीच्या पायाखालची जमीन तेवढी काढून घेतलीत."

लेक गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली. बापाकडे बघून नुसती मान हलवली.

मंगळाभोवती फिरता फिरता खालचं यंत्र तीच चालवत होती. एके दिवशी समोर चिखल चमकताना दिसला आणि संचालकांचा निरोप आला: जरा पुढे घ्या, कुणाला कळतंय! लेकीने यंत्र जागच्या जागी बंद केलं आणि तसं आयोगाला कळवून टाकलं.

संध्याकाळी घरी तिचा आवाज आला. "बाबा, संचालक लालबुंद झालेत. मी परत आले की माझ्यावर कारवाई करणार म्हणे. तुम्ही मोकळे आहात का? वकील हवाय."

वकीलसाहेबांनी उत्तर पाठवायला फोन उचलला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी बायकोने फोन हातातून काढून घेतला.

"हो म्हणतायत ते," ती म्हणाली. "रडतायत म्हणून बोलत नाहीत. आणि तू जेवतेस का गं नीट?"