वेलबुट्टीआडचे वडील

चोपड्याचे भाईदास, त्यांचे पुत्र आधार, आधारांचे गुलाब. आणि गुलाबची कन्या मंदा. १९८८ साली आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित स्पर्धेत तिने दिवंगत वडिलांवर काढलेला अंक माझ्याकडे परीक्षणास आला. अक्षर रेखीव, पानोपानी वेलबुट्टी. इतर परीक्षकांनी डोळे पुसत वाहवा केली.

“अक्का, बक्षीस नको. वडील त्यात उतरलेत का, तेवढं सांगा,” मंदा मला म्हणाली.

“नाही. नुसती वेलबुट्टी दिसते. पुन्हा लिही.”

ती रडली. माझे यजमान गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या माझ्या अंकाचीही सर्वांनी स्तुतीच केली होती. हेच खरे बोल एकट्या गुलाबने ऐकवले होते.

महिन्याने मंदाने साध्या कागदावर लिहून आणले. केळीला पाणी देताना वडील खोकत, आणि घरच्यांना कळू नये म्हणून मोठ्याने गात.

“आता दिसले,” मी म्हणाले. गुलाबचे ऋण पुरते फिटले.