तारप्याच्या नाचात एक जागा

काकड्यामामा दुकानात आला तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. तलासरी नाक्यावर माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. पाण्यात पडलेला फोन एका गिऱ्हाइकाने तांदळात ठेवला होता आणि आता चार्जिंगच्या भोकातून मी तांदूळ काढत बसले होते. त्यात मामाने युरियाची गोण काउंटरवर टेकवली आणि आतून रबरी बटणांचा काळा कॉम्प्युटर काढला, शाळेच्या पाटीएवढा. मी म्हटलं, मामा, भंगारवाला पलीकडच्या गाळ्यात बसतो.

मामा हसला नाही. "हर्षदा, ह्याची मेमरी वाढवून दे," म्हणाला. "जमना बोलायची बंद झालीय."

जमना म्हणजे माझी मामी. ती बोलायची बंद झाली म्हणजे समुद्र आटल्यासारखंच, म्हणून मी फोन बाजूला ठेवला.

हा कॉम्प्युटर आमच्या घराण्याचं जुनं दुखणं आहे. मामा तेव्हा डहाणूच्या टेलिफोन ऑफिसात लाइनमन होता. तिथल्या एका इंजिनिअरसाहेबाने बदलीवर जाताना तो मामाला देऊन टाकला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा आणि कॅसेटमधून प्रोग्रॅम आत भरायचा. मामाने पुस्तक वाचून वाचून एक अख्खा पावसाळा त्यात घालवला आणि तारप्याचा नाच तयार केला. मधे धोंडी दुधीभोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकतोय आणि भोवती आमच्या पाड्यातली माणसं, एकमेकांच्या कमरेला हात घालून, गोल फिरतायत.

दिवाळीत त्याने टीव्ही अंगणात आणला. सगळा पाडा लोटला. जो तो स्वतःला शोधायला लागला, सापडला की शेजारच्याला कोपराने ढोसायला लागला. जमनामामीचं नवं नवं लग्न झालेलं. तिने रिंगण दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. ती नव्हतीच. मामा म्हणाला, मेमरी संपली, मावली नाहीस.

झालं! त्या दिवसापासून मामीला एक हत्यारच मिळालं. जीपमधे मागे दोन माणसांची जागा रिकामी असली तरी ही बाहेर उभी राहून म्हणणार, तुम्ही जा, मी कुठली मावते. फोटो काढायला बोलवा, तेच. मुलीच्या लग्नात तर व्याह्यांच्या देखत मांडवाबाहेर जाऊन बसली. मामाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता, मी स्वतः पाहिलाय.

आणि त्या लग्नानंतर ती गप्प झाली. टोमणा नाही, भांडण नाही. बस म्हटलं की बसते, जेव म्हटलं की जेवते.

"भांडत होती तोवर ठीक होतं गं," मामा म्हणाला. "आता तिला काय पडलेलीच नाय."

मी मामाला सल्ला द्यायला गेले. म्हटलं, वाढीव मेमरीचा बोर्डबिर्ड कशाला पाहिजे, माणसाचं एकच चित्र काढ आणि तेच सगळीकडे छाप, मेमरी उरून वर शिल्लक राहील. डिप्लोमा केलाय ना मी, शहाणपण उतू जात होतं. मामा असा भडकला! म्हणाला, रिंगणातला बाबल्या ताडावरून पडलेला, त्याचा पाय मागे राहतो. शुक्रीच्या पाठीला पोर बांधलेलं, ती वाकून नाचते. सगळे एकसारखे नाचतात का, त्याने विचारलं. एकेका माणसाची चाल त्याने वेगळी बसवली होती आणि मेमरी तिथेच गेली होती.

नेटवर शोधलं तर पुण्यातला एक जण असल्या जुन्या कॉम्प्युटरचे मेमरी बोर्ड घरी बनवून विकतो. बोर्ड कुरियरने आला आणि रविवारी मी हत्यारं घेऊन मामाच्या घरी गेले. मामी ओटीवर नाचणी पाखडत होती. माझ्याकडे बघून हसली आणि परत सुपाकडे वळली. एरवी तिने माझ्या लग्नाचा विषय काढून मला रडवलं असतं.

मी कॉम्प्युटर उलटा करून स्क्रू काढले. वरचं झाकण जरा उचललं आणि कट्‌कन आवाज आला. बटणांपासून आत जाणारी प्लास्टिकची पातळ पट्टी टोकाला तडकली होती, इतक्या वर्षांत वाळून पापड झालेली. मामा माझ्या हाताकडे बघत होता. मी कात्रीने तडकलेलं टोक सरळ कापलं. पट्टी लांबीला थोडी जास्त होती म्हणून वाचलो. मग रिकाम्या सॉकेटांमधे नवा बोर्ड पिन बघून बघून दाबून बसवला, पट्टी परत खोचली आणि माळ्यावरचा डबा टीव्ही खाली काढला.

कॅसेट किंचाळत किंचाळत आत गेली. रिंगण फिरायला लागलं. मग मामा टायपायला बसला. पुढ्यात कागद नाही की काही नाही, मामीच्या चालीचे आकडे तोंडपाठ. इतकी वर्षं हा माणूस डोक्यात काय घेऊन फिरत होता, देव जाणे.

दुपार कलल्यावर त्याने मला खुणावलं. मी मामीला हाताला धरून ओढतच आत आणली.

मामी उभी राहिली. रिंगण एकदा फिरलं. एक बाई सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे नाचत होती, घाईघाईने. हीच मी, मामी पुटपुटली, आणि पदराने डोळे पुसले. मग तिने बोट पुढे केलं. बाबल्या आणि ती, दोघांच्या मधे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक जण होता. हा कोण, तिने विचारलं.

"मी," मामा म्हणाला.

"तू तर आधीपासून असशील."

"नव्हतो."

त्या दिवाळीत मामा बटणांपाशी बसलेला, तो रिंगणात आहे की नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"एकाचीच जागा उरलेली," मामा टीव्हीकडे बघत म्हणाला. "तुला घातली असती तर शेजारी बाबल्या आला असता. त्याच्या घरून तुला आधी मागणी होती. तुझ्या बापाने नाय म्हटलं म्हणून तू माझ्याकडे आलीस. त्याच्या कमरेला तुझा हात... मला नाय बघवलं. मग ती जागा तशीच रिकामी सोडली."

मामी दाराकडे वळली. मला वाटलं, गेलं सगळं मुसळ केरात.

"बापाने नाय," ती म्हणाली. "मी नाय म्हटलं बाबल्याला. बाप तर हो म्हणत होता. तू बाजारात तारेच्या खांबावर चढलेला दिसायचास म्हणून."

आणि मग ती जी सुटली! विचारायला तोंड नव्हतं का, वर चढून साऱ्या तालुक्याचे फोन जोडलेस आणि घरात एक वाक्य बोलता आलं नाही का, व्याह्यांसमोर मला बाहेर बसायला लावलंस, आणि चित्रात तरी टॉवेल नीट बांधायचा होता, गवळ्यासारखा दिसतोस. ती बोलत होती आणि मामा मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं.

मी पिशवीत हत्यारं भरली आणि निघाले. मला चहासुद्धा कुणी विचारला नाही.