फाटक्या पडद्याचा श्वास

लाकडाचा खोका, पुढे राखाडी कापड आणि कापडाआड कागदाचा गोल पडदा, एवढाच मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. कारखान्यात एका बाईने हलक्या बोटांनी डिंक लावून माझा पडदा बसवला. तिथून मी दुकानात आणि दुकानातून एका संगीत समीक्षकांच्या स्वयंपाकघरात आलो. वर्तमानपत्रात गाण्यांच्या नव्या अल्बमवर लिहिणे हे त्यांचे काम. बाहेरच्या खोलीत त्यांचे दोन उंचेपुरे, महागडे स्पीकर होते. पण कोणताही अल्बम ते आधी माझ्यावर, भांडी विसळता विसळता ऐकत आणि मगच बाहेर लावत. या डबड्यावर जे तगते ते कुठेही तगते, असे ते म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे. उरलेला दिवस मी त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, बातम्या ऐकवी.

एकदा जळमटे काढताना बाईंच्या झाडूचा दांडा माझ्यावर आपटला. कापड जसेच्या तसे राहिले, आतला पडदा मात्र फाटला. कुणाच्याच लक्षात आले नाही. उंच सूर मी पूर्वीसारखेच गात होतो. खर्जाचा सूर आला की फटीतून हवा आत-बाहेर जाई आणि कुणी उसासा टाकावा तसा आवाज येई.

त्याच सुमारास एका लहानशा बँडचा अल्बम आला. त्यात दोघेच, एक गायिका आणि ड्रम वाजवणारा तिचा धाकटा भाऊ. गाणी संथ, काळोखी, मध्ये लांबलचक शांतता आणि खाली खर्जात घुमणारी तिची गिटार. इतर समीक्षकांनी नाके मुरडली. एकाने रडगाणे म्हणून निकालात काढले, दुसऱ्याने लिहिले की झोप येत नसेल तर जरूर ऐका. आमच्या समीक्षकांनी तो माझ्यावर लावला आणि विसळत असलेली बशी त्यांच्या हातातच राहिली. त्यांच्या अंगावर काटा आला होता. बाहेरच्या स्पीकरवर ऐकायलाही ते थांबले नाहीत, त्याच भरात लिहून मोकळे झाले. या गाण्यांमागे कुणीतरी उभे राहून श्वास घेत आहे, असे त्यांनी लिहिले.

मग काय, सगळ्यांनी त्यांचीच री ओढली. रडगाणे म्हणणाऱ्यालाही आता श्वास ऐकू येऊ लागला. तो कोणत्या गाण्यात सर्वांत स्पष्ट आहे, यावर वाद झडले. दुकानांत अल्बम मिळेनासा झाला.

आणि एके दुपारी ती गायिका दारात येऊन उभी राहिली. गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि थोड्याच दिवसांत तिचा भाऊ अपघातात गेला होता. समीक्षा वाचल्यापासून ती हेडफोन लावून तीच गाणी पुन्हा पुन्हा ऐकत होती. तिला श्वास कुठेच सापडला नव्हता.

"सगळ्यांना तो ऐकू येतो, सर," ती म्हणाली. "मी सख्खी बहीण. मलाच का येत नाही?"

समीक्षकांनी तिला स्टुलावर बसवले आणि गाणे लावले. गिटार खर्जात उतरली, मी श्वास घेतला. तिने माझ्या कापडावर तळहात ठेवला. वाजवायला सुरुवात करण्याआधी तो अगदी असाच दम घ्यायचा, असे म्हणताना तिचे डोळे वाहू लागले. मला बोलता येत असते तरी त्या वेळी मी गप्पच राहिलो असतो.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"अहो, हा डबा तर बातम्यांनाही अशाच धापा टाकतो," त्या सहज म्हणाल्या.

समीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरीच एक जुनी, नाचाची रेकॉर्ड लावली. त्यातही मी श्वास घेतला. त्यांनी माझे कापड सोडवले, तेव्हा बोटभर फट सगळ्यांनाच दिसली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुझा भाऊ यात नाही, बाळ. उद्याच तसं छापतो."

तिने फटीच्या कडेवरून हलकेच बोट फिरवले.

"छापा," ती म्हणाली. "पण आधी तेच गाणं परत लावा."

खुलासा छापून आला. कुणी विश्वास ठेवला नाही. म्हाताऱ्याचे कान गेले, असे लोक म्हणाले आणि श्वास ऐकतच राहिले. समीक्षकांनी मला तिच्या हवाली केले. आता मी तिच्या खोलीत, चादरीने झाकलेल्या ड्रमशेजारी असतो. दुरुस्ती करणाऱ्याने नवा पडदा बसवून देतो म्हटले, तर ती नको म्हणाली. फट रोज थोडी वाढते, म्हणून हल्ली ती आवाज अगदी बारीक ठेवते आणि कान माझ्याजवळ आणते. एक दिवस पडदा पुरता फाटेल आणि तिचा भाऊ पुन्हा एकदा जाईल, याची मला फार भीती वाटते.

मी तिचा भाऊ नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. पण परवा तिने गाणे बंद केले, वायरही काढली आणि ती दाराकडे वळली. तेव्हा माझ्या फटीतून एक श्वास गेला. तो मी घेतलेला नव्हता. ती दारातच थांबली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनंती एवढीच, की कुणाच्या घरी एखादी फाटकी वस्तू जपून ठेवलेली दिसली, तर ती नीट करून द्यायची घाई करू नका. आधी त्या माणसाला विचारा, यातून कोण ऐकू येते.