टपावरचा साक्षीदार

गाडीच्या टपावर पेढ्याएवढं काळं काहीतरी चिकटलेलं तुम्ही पाहिलं असेल. वर पाखरू बसलं तरी ते हलत नाही, आणि त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. तो मी, जीपीएसचा अँटेना. आज मात्र माझं ऐका. माझ्यामुळे एका माणसाचं तोंड काळं झालंय, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे.

माझ्या पोटात एक चौकोनी चकती आहे आणि तिच्याखाली नखाएवढं यंत्र. उपग्रहांचा आवाज फार बारीक असतो. तो ऐकायचा, मोठा करायचा आणि तारेतून गाडीतल्या डब्याला सांगायचा, एवढंच माझं काम. मग गाडी कुठे आहे ते मालकाच्या मोबाइलवर दिसतं. पाठीला लोहचुंबक, अंगाचा रंग काळा. ज्याने हा रंग निवडला तो मे महिन्यात वर्ध्याला कधी आला नसावा.

वर्ध्याजवळ नालवाडीला योगेंद्रचं दुकान आहे. तो गाड्यांना टेप, कॅमेरे आणि आमच्यासारखी यंत्रं बसवतो. आर्वीचे व्यापारी भूपेंद्रसेठ त्याच्याकडे आपली पांढरी गाडी घेऊन आले तेव्हा माझं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्यांच्या चार गाड्या भाड्याने चालायच्या. ही गाडी आर्वीहून सावंगीच्या दवाखान्यात डायलिसिसचे पेशंट न्यायची.

"सेठ, आतून डॅशबोर्डखाली बसवू का?" योगेंद्रनं विचारलं. "टप लय तापते आपल्याकडं. याले ऊन सहन नाई होत."

"वरच लाव," भूपेंद्रसेठ म्हणाले. "दिसलं पाह्यजे. ड्रायव्हरले समजलं पाह्यजे का आपल्यावर डोया हाये."

 योगेंद्रनं मला टपाच्या मधोमध ठेवलं. खट्टकन् चिकटलो मी.

गाडीचा ड्रायव्हर मोतीलाल. पन्नाशीचा, सडपातळ, बोलणं हळू. एकेकाळी तो दारू प्यायचा. सात वर्षांपूर्वी सोडली, पुन्हा शिवला नाही. पण आर्वी लहान गाव. लोक दारू सुटल्याचं विसरतात, प्यायल्याचं विसरत नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस तो तानाबाईंना घेऊन सावंगीला जायचा. तानाबाईंनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले होते. आता दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. सोबत त्यांची मुलगी हर्षा असायची. ती पतपेढीत कारकून होती, सुट्टी मिळाली नाही की तानाबाई एकट्याच यायच्या. तेव्हा मोतीलालच त्यांना हात धरून उतरवायचा.

हिवाळाभर माझं बरं चाललं. मार्च सरला आणि ऊन टोचू लागलं. डायलिसिसचे चार तास गाडी उघड्यावर उभी राहायची, कारण झाडाखालच्या जागा सकाळीच भरलेल्या असायच्या. खालून टप तापायचा, वरून सूर्य. पाण्याचा थेंब पडला तर तडतड करून उडून जाईल असा तो पत्रा. माझ्या पोटातलं यंत्र आधी चाचरायचं, मग गप्प व्हायचं. परतीच्या वाटेवर उपग्रहांच्या बाबतीत मी बहिरा असायचो; माणसांचं बोलणं तेवढं ऐकू यायचं. मी बहिरा झालो की मोबाइलवर गाडी शेवटच्या ठिकाणीच उभी दिसायची. प्रत्यक्षात ती धावत असायची.

"काल पाऊण घंटा कुठी गेलता?" भूपेंद्रसेठ विचारायचे.

"कुठीच नाई, सेठ. सीधा घरी आलो. ऊन लागते ना जी त्या अँटेनाले."

"मशीनले ऊन लागते!" ते हसायचे. आजूबाजूला कुणी असेल तर आणखी मोठ्याने हसायचे.

मोतीलालनं शेवटी आपल्या बुद्धीनं उपाय केला. माझ्याखाली जाड रबराचा तुकडा बसवला, म्हणजे पत्र्याची आग थेट पोहोचायची नाही. वरून आइस्क्रीमचा पांढरा प्लास्टिकचा डबा पालथा घातला. वारा खेळावा म्हणून त्याला भोकं पाडली. प्लास्टिकमधून मला सगळं ऐकू यायचं. लोखंडाचं झाकण घातलं असतं तर मी बहिरा झालो असतो, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. त्या दहा दिवसांत माझी एकही चूक झाली नाही. सावलीत बसून काम करणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

अकराव्या दिवशी भूपेंद्रसेठनी तो डबा पाहिला.

"हे काय हाये?"

"सेठ, उन्हासाठी..."

"उन्हासाठी का लपासाठी? झाकून ठेवतं अन् मले शहाणपणा शिकवतं?"

त्यांनी डबा आणि खालचं रबर ओढून काढलं, डबा बुटाखाली चिरडला. मग मोतीलालच्या थोबाडीत मारली. तानाबाई गाडीत बसल्या होत्या.

"बाबू, काऊन मारतं त्याले?" त्या आतूनच ओरडल्या. "त्यानं चांगलंच केलं ना!"

"तुमी बसा, आजी. हा आमचा मामला हाये."

मोतीलालनं गाल चोळला नाही. दार उघडलं आणि गाडी सुरू केली. सावंगीपर्यंत दोघांत एकच बोलणं झालं. तानाबाई म्हणाल्या, "सोड ही नोकरी, मोतीलालभाऊ." तो म्हणाला, "दारुड्याले दुसरी गाडी कोण देईन, मावशी?"

त्याच आठवड्यात भूपेंद्रसेठनी योगेंद्रकडून आणखी एक कळ बसवून घेतली. माझा आवाज बंद पडला आणि त्यानंतर इंजिन बंद केलं, की गाडी पुन्हा सुरू व्हायची नाही. ती फक्त सेठच्या मोबाइलवरून सुटायची. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, असा हुकूम होता. ठेवलं की लगेच फोन.

मे महिन्यातला तो मंगळवार. हर्षाला सुट्टी नव्हती. डायलिसिस दोनला संपलं आणि तानाबाई मोतीलालच्या खांद्याला धरून गाडीत बसल्या. माझं अंग भट्टीतल्या विटेसारखं झालं होतं. आर्वी रोडला लागलो. खरांगण्याच्या अलीकडे एक ढाबा आहे, त्याला लागून बार. गाडी त्याच्यासमोरून नुसती पुढे गेली, तिथे क्षणभरही थांबली नाही. पण नेमकं तिथेच माझं यंत्र गप्प झालं.

सातआठ किलोमीटर पुढे तानाबाई म्हणाल्या, "थांबव बापा. मळमळून राह्यलं."

मोतीलालनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सवयीनं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. तानाबाईंना उलटी झाली. त्यांना परत बसवून त्यानं किल्ली लावली. गाडी सुरू झाली नाही.

त्यानं सेठना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"सेठ, गाडी लॉक झाली. खोला लवकर. मावशीची तब्येत बिघडली."

"कुठी हायेस?"

"खरांगण्याच्या पुढं. जंगलाच्या वळणावर."

"खोटं बोलतं? मले दिसून राह्यलं इथं. बारसमोर उभा हायेस तू. पंधरा मिनिटं झाले."

"आईची शपथ, सेठ..."

तानाबाईंनी फोन मागून घेतला. "बाबू, मी तानाबाई बोलून राह्यली. आमी बारपाशी नाई. खोल ना गाडी."

 मग भूपेंद्रसेठ म्हणाले, "बुढीलेही पढवून ठेवलं? पहिले कबूल कर, मंग खोलतो." फोन कट.

मोतीलालनं हर्षाला फोन लावला. तिनं सेठना विचारते म्हणून ठेवला. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. 

"मोतीलालभाऊ, खरं सांगा. तुम्ही पुन्हा सुरू केली का?"

 "नाई," एवढंच तो म्हणाला, आणि तेही तिला नीट ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला तास लागणार होता. एक भरलेली बस न थांबता गेली. एक कार थांबली. आतल्या माणसानं तानाबाईंचा पांढराफटक चेहरा पाहिला, "उगाच झंझट नको," असं बायकोला म्हणाला आणि काच वर केली.

गाडीत बसवेना म्हणून मोतीलालनं त्यांना पळसाखाली आणलं. पळसाची सावली ती केवढी! मग तो टपावर चढला. मला उपटलं. त्याची बोटं भाजली, तरी त्यानं सोडलं नाही. पळस गाडीला लागूनच होता, माझी तार तिथवर पुरली. तो सावलीत आला, गळ्यातला दुपट्टा काढला आणि बाटलीतलं पाणी बघून थांबला. तळाला दोन घोट उरले होते.

"मावशी, तुमी पिऊन घ्या."

"मले डॉक्टरनं पाणी मोजून सांगितलं," तानाबाई म्हणाल्या. ओठ सुकून चिकटले होते. "याले पाज. हा शुद्धीवर आला तं गाडी चालू होईन ना?"

"होईन."

"मंग पाज."

त्यानं दुपट्टा भिजवला, मला त्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं दोघांनाही वारा घालू लागला. एकदा तानाबाईंना, एकदा मला. मी निवत होतो. फार हळू निवत होतो. लवकर निवावं म्हणून माझ्या हाती काहीच नव्हतं. हातच नाहीत मला.

वीसेक मिनिटांनी मला पहिला उपग्रह ऐकू आला. मग दुसरा, तिसरा, चौथा. मोबाइलवरचा ठिपका बारसमोरून उडाला आणि जंगलाच्या वळणावर येऊन बसला. भूपेंद्रसेठनी तो उडताना पाहिला असणार, कारण पुढच्याच मिनिटाला गाडीचं लॉक सुटलं. फोन मात्र आला नाही. मोतीलालनं तानाबाईंना उचलून गाडीत निजवलं.

आर्वीच्या डॉक्टरांनी गाडीतच तपासलं. रक्तदाब एकदम खाली गेला, त्यात हे ऊन, असं म्हणाले. तानाबाईंना जाऊन तोवर पाऊण तास झाला होता.

तेराव्यानंतर भूपेंद्रसेठ हर्षाच्या घरी गेले. गाडी दारात उभी केली आणि बोनटवर मोबाइल ठेवून तिला नकाशा दाखवला. "पाहा ताई, एक घंटा दहा मिनिट बारसमोर. मी तं त्याले काढून टाकलं." नंतरचा उडालेला ठिपका त्यांनी दाखवला नाही. हर्षानं त्यांना हात जोडले. मी तिच्यापासून चार हातांवर होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी नालवाडीला आणली. योगेंद्रनं मला उघडलं. आतला चिकटा वितळून यंत्रावर ओघळला होता. त्यानं सगळी नोंद पाहिली आणि मान खाली घातली.

"सेठ, हे उन्हानंच झालं. मी तवाच म्हटलं होतं. मोतीलालकाका खरं बोलत होते."

"नवीन बसव," भूपेंद्रसेठ म्हणाले. "आतून बसव, डॅशबोर्डखाली. अन् बाकीच्या तीन गाड्या तुह्याकडेच आणायच्या का दुसरीकडे नेऊ?"

योगेंद्रनं नवा अँटेना सावलीत, आतल्या बाजूला बसवला. त्याच्याखाली रबरही लावलं. मला टेबलावरच्या डबीत टाकलं.

गेल्या आठवड्यात मोतीलाल दुकानात आला. खूप वाळलाय. कुणी गाडी देत नाही. हर्षा समोरून दिसली की रस्ता बदलते, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "योगेंद्र, तू तं जाणकार हायेस. उन्हानं असं होऊ शकते का रे? एकदा तिले सांगशीन का?"

योगेंद्र एका टेपचे स्क्रू आवळत होता. ते आधीच आवळलेले होते.

"मले नाई माहीत, काका."

 "बरं," मोतीलाल म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

मी डबीत आहे, माझी तार कापलेली आहे. मला आता उपग्रह ऐकू येत नाहीत आणि मोबाइलला काही सांगताही येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. गाडीवर माझ्यासारखा कुणी बसवलात तर आधी टपावर हात ठेवून बघा. तुम्हाला जिथे हात ठेवता येत नाही तिथे त्याला ठेवू नका. आणि त्याच्या शब्दावरून कुणाला शिक्षा करण्याआधी त्या माणसाचंही ऐका.

आणि आर्वीला गेलात तर पतपेढीत हर्षाला भेटा. तिला सांगा, तुझी आई बारसमोर गेली नाही. पळसाखाली गेली. तिचं डोकं मोतीलालच्या मांडीवर होतं, आणि शेवटी तिनं तुझंच नाव घेतलं. ते त्याला ऐकू आलं, पण तू त्याला बोलूच देत नाहीस.