इंदुताईंच्या उशिराचं कारण

रामदासपेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून डॉ. कृष्णकांत वझलवार राहत. कॉलेजात पॅथॉलॉजीचे प्रमुख. बायकांच्या गर्भाशयाच्या कर्करोगावर त्यांचे तीसेक शोधनिबंध छापून आले होते आणि त्यातला एकही गल्लीत कोणी वाचला नव्हता. तरी गल्लीला प्रत्येक निबंधाची खबर असे, कारण निबंध छापून आला की त्यांच्या पत्नी इंदुताई अख्ख्या डिपार्टमेंटला डाळीच्या गोळ्यांचा, वर गरम तेल वाढलेला गोळाभात घालत. फोडणीचा वास भिंतीपलीकडून आला की मी बायकोला म्हणायचो, "विज्ञान पुढे गेलं."

पंगतीला डॉक्टरांच्या हाताखाली शिकून गेलेल्या लेडी डॉक्टरही यायच्या. नागपुरातल्या बहुतेक लेडी डॉक्टर इंदुताईंना काकू म्हणत आणि तिसऱ्यांदा भात मागत.

मला बोलावणं यायचं ते निबंध लिहिताना. मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचो. त्यावरून मला स्वल्पविराम कळतात अशी डॉक्टरांची समजूत झाली होती. निबंधातला तक्ता मला पाठ झाला होता. शेवटचा रकाना 'उशिरा येण्याचं कारण'. त्यात आलटून पालटून तीच उत्तरं: अज्ञान, गरिबी, दवाखाना दूर, घरच्यांची हयगय. एकदा मी म्हटलं, "एखादी केस गाळा की, पान आटोपशीर होईल." डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक गाळली की बाकीच्या खोटं बोलायला लागतात."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंदुताई न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या. आम्ही धावत गेलो तर धुणंभांडी करणारी बायजाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बोलत होती, "मी केव्हाची म्हणून राहिली, दाखवा वं बाई. लुगडी मी धुतो, मले दिसत नाही का? तं म्हणे, गप राय."

डॉ. प्रेमिलानं तपासलं. ती पंगतीतलीच. तिनं तुकडा काढून कॉलेजात पाठवला आणि डॉक्टरांनी तो स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुसऱ्या कोणाला पाहू दिला नाही. रोग गर्भाशयाच्या तोंडाशी थांबलेला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सवयीनं आत हाक मारून पाणी मागितलं. मग आठवलं की पाणी देणारी दवाखान्यात आहे. मी आमच्याकडून तांब्या आणून दिला.

किरणांचे शेक सुरू झाले. इंदुताई घरी आल्या तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. डॉक्टरांनी विचारलं ते माझ्यासमोरच.

"काहून नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू? तपासणाऱ्या सगळ्या माझ्या पंगतीतल्या. जिच्या भातावर तेल वाढलं, तिच्यापुढे त्या टेबलावर झोपू? उद्या ती माझ्याकडे भात कोणत्या तोंडानं मागेल?"

"मला सांगायचं."

"तुम्हाला तुकडे पाहायची सवय. अख्खं माणूस आणून दाखवलं असतं तर गोंधळला असता."

त्या हसल्या. मीही हसलो, तो माझा धंदाच होता. डॉक्टर हसले नाहीत.

त्या सुमारास नवा निबंध टाईप होत होता. इंदुताईंनी पडल्यापडल्या चौकशी केली. "माझी केस घेतली?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"का बरं? मी तुमच्या निबंधाच्या मुदतीत बसत नाही? एवढ्या वर्षांत सगळ्या निबंधांना जेवू घातलं, एकात तरी मला असू द्या. वय काय लिहाल?"

"बावन्न."

"एकोणपन्नास लिहा."

"वय खरं लागतं, इंदू."

"मग नाव नका घालू," त्या म्हणाल्या. नाव कोणाचंच नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. "आणि अज्ञान लिहायचं नाही हं. मी बी.ए. आहे."

डॉक्टर हळूच म्हणाले, "घरच्यांची हयगय."

"ते अर्धं झालं. अर्ध्याला निबंध म्हणत नाहीत, तुम्हीच म्हणता."

डॉक्टरांनी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. मग तक्त्याखाली मजकूर आला: 'या रुग्णेला तपासू शकणाऱ्या सर्व डॉक्टर तिच्या घरोब्यातल्या होत्या, म्हणून तिनं दुखणं लपवलं. आधीच्या निबंधांत ज्यांच्यापुढे आम्ही अज्ञान लिहिलं, त्यांतल्या काही जणींना गावातल्या ओळखीच्या नर्सपुढे हाच संकोच वाटला असेल. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.' मी वाचून म्हटलं, "डॉक्टर, हे तुमच्याच तीस निबंधांवर उलटतं."

"उलटू द्या," ते म्हणाले.

निबंध गेला. इंदुताई रोज टपालाची वाट बघू लागल्या. शेक थांबवले होते, आता फक्त दुखणं थांबवायचं औषध होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. "आलं का छापून?" एवढंच विचारायच्या.

संपादकांचं उत्तर आलं. तक्ता उत्तम आहे, खालचा मजकूर शास्त्रीय नाही, तो काढल्यास पुढच्याच अंकात घेऊ.

मी म्हटलं, "काढा. त्यांना छापलेलं पाहायचं आहे. पुढचा अंक म्हणजे..."

डॉक्टरांनी संपादकांचं पत्र घडी करून पाकिटात परत घातलं. "काढलं तर तिच्यापुढे काय लिहू? अज्ञान?" त्यांनी निबंध परत मागवून घेतला.

त्या आठवड्यात इंदुताईंना उशीवरून मान उचलवेनाशी झाली. एका दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं, "आलं का?"

ज्यांनी जन्मात कधी दशांशचिन्ह इकडचं तिकडे केलं नाही, ते डॉक्टर म्हणाले, "आलं."

टाईप केलेले तेच कागद त्यांनी एका जुन्या नियतकालिकाच्या वेष्टनात घालून आणले होते. इंदुताईंनी हात पुढे केला. तक्त्याचं पान त्यांनी हातात घेतलं आणि सावकाश त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. टाईपरायटरनं पूर्णविराम इतके जोरात ठोकले होते की मागच्या बाजूला ते दाण्यासारखे उठले होते. अंगठा तिथे थांबला. मी खाली बघत होतो.

"छपाई सुरेख आली," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"खालचं वाचा ना, माझं."

डॉक्टरांनी वाचलं. इंग्रजीतून वाचलं, मग मराठीतून सांगितलं. संपल्यावर त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "पुन्हा." त्यांनी पुन्हा वाचलं.