कुडीचा डॉक्टर

तमिळनाडूत, तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या पलीकडे, कालव्याकाठच्या त्या गावात मराठी बोलणारं आता एकच घर उरलं होतं, आणि त्यामुळे सरस्वतीबाईंची मोठी सोय झाली होती. चारचौघांत काही झाकून बोलायचं असलं की त्या मराठीत बोलत. भाजीवालीसमोर ‘वांगी किडकी आहेत, घेऊ नका’, पाहुण्यांसमोर ‘भात कमी आहे, पुन्हा मागू नका’, सगळं मराठीत. ऐकणाऱ्याला वाटे, रावांच्या घरचं काही पूजेबिजेचं चाललंय.

झाकण्यासारखं मोठं मात्र एकच होतं. त्यांचे यजमान सेतुमाधवराव पीत असत. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायची नोकरी होती तोवर संध्याकाळपुरतं होतं. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि सकाळीच सुरुवात होऊ लागली. घोटभर पोटात गेल्याशिवाय हात थांबत नसे. कॉफीचा पेला बशीवर वाजत राही. गावासाठी ते ‘सार’, म्हणजे सर. शेजारी विचारत, “सार दिसले नाहीत?” सरस्वतीबाई म्हणत, “अंग दुखतंय त्यांचं.”

मग एका दुपारी मुलीचा, हरिणीचा, तिरुचीहून फोन आला. सहावा महिना चालू होता तिला.

“अम्मा, पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण अप्पा तोंडाला वास घेऊन बाळ उचलणार असतील, तर मी येथेच बरी. आठव्यापर्यंत वाट बघते. त्यांना सांग.”

“तूच सांग की.”

“मी सांगितलं की रडतात. रडून झालं की पितात. तू सांग.”

सरस्वतीबाईंनी सांगितलं. सेतुमाधवराव खरंच रडले, आणि पुढचंही तसंच झालं.

घरोघर फिरून रक्तदाब तपासणारी भारती त्याच आठवड्यात आली. गावचीच पोर, पण विचारायची पद्धत अशी की माणूस नकळत बोलून जाई. तिनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि विचारलं, “अम्मा, झोप लागते काय?”

“कसली झोप!”

“आणि अय्यांना?” तिनं यजमानांबद्दल विचारलं.

सरस्वतीबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. भारतीनं पट्टा सोडला आणि हळूच म्हणाली, “तीन गावं सोडून आरोग्य केंद्र आहे ना, तेथे आता दर बुधवारी तंजावूरहून मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात. पिण्याचंही बघतात. दहाला बसतात, एकपर्यंत.”

सेतुमाधवराव याआधी तंजावूरच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले होते. दीड तास जायचं, रांग, दीड तास यायचं. तिसऱ्या वेळी बायकोला घरी राहा म्हणाले आणि वाटेतच उतरले. आता डॉक्टर जवळ आला, तर अडचण दुसरीच निघाली.

“तेथे अर्धे माझे विद्यार्थी असतील,” ते म्हणाले. “त्या बाकावर मी बसू? उद्या गावभर होईल.”

“रक्तदाब दाखवायला आलोय म्हणा.”

“कोणाला कळता कामा नये. एकाला जरी कळलं तरी मी परत फिरेन.”

“नाही कळणार,” सरस्वतीबाई म्हणाल्या. इतकी वर्षं कळू दिलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

बुधवारी नऊच्या मिनी बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पुढे, पुरुष मागे. सरस्वतीबाईंना पुढे केळीच्या पानांच्या भाऱ्याशेजारी कशीबशी जागा मिळाली. भारा चेल्लम्माचा होता, ती रोज बाजारात पानं विकायची. सेतुमाधवराव मागे दांडीला धरून उभे होते. फाट्यावर बस थांबली. तेथे दारूचं दुकान, आणि ते उघडायच्या आधीही मागच्या झोपडीत मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक. सरस्वतीबाईंनी मागे वळून पाहिलं तर यजमान एकेकाला बाजूला सारत दाराकडे सरकत होते. एक पाय पायरीवर पडलाही होता.

सरस्वतीबाईंना तेथवर पोचणं शक्य नव्हतं. त्यांनी नेहमीचाच उपाय केला. मराठीत ओरडल्या.

“अहो, उतरू नका! कुडीचा डॉक्टर दहालाच बसतो!”

अर्ध्या बसनं माना वळवल्या.

त्यांच्या घरात शरीराला कुडी म्हणत. सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला शब्द. ताप आला तरी ‘कुडीला बरं नाही’, दमलं तरी ‘कुडी थकली’; रक्तदाबाच्या बहाण्याला तोच शब्द बसत होता. पण तमिळमध्ये कुडी म्हणजे पिणं, दारूचं पिणं. त्या एका वाक्यातले दोन शब्द साऱ्या बसला कळले, कुडी आणि डॉक्टर, आणि तेवढे पुरे होते. सरस्वतीबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा तोंडावर पदर गेला होता, पण शब्द गेला होता त्याच्या आधी.

मागून कोणी तरी हसलं. “सार, फाट्यावर कुडी आहे, पण डॉक्टर पुढे आहे. ठरवा बाबा!”

“हस तू,” दुसरा म्हणाला. “काल तुला घरी कोणी उचलून नेलं?”

त्यावर आणखी हशा झाला. सेतुमाधवरावांचे कान लाल झाले होते. कंडक्टर मुरलीकृष्ण त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली.

“सार, उतरताय की राहताय? मला पुढचा थांबा गाठायचाय.”

ते उतरलेच असते. पण पुढून चेल्लम्मा आपल्या भाऱ्यावर हात टेकून अर्धवट उभी राहिली आणि बाजारात ओरडते तशाच आवाजात तिनं विचारलं, “अय्या, खरंच असला डॉक्टर येतो? आपल्याकडे? माझा जावई दोन वर्षं नुसता पडून आहे. कोणत्या वारी?”

आता हसायला कोणी तयार नव्हतं. सगळी तोंडं सेतुमाधवरावांकडे वळली. सदतीस वर्षं त्यांनी पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती; विचारलं की सांगायचं, ही सवय दारूपेक्षा जुनी होती.

“बुधवारी,” ते म्हणाले. “दहा ते एक.”

“पैसे?”

“नाही. सरकारी आहे.”

“मोठ्यानं सांगा सार,” मागून एक म्हातारा म्हणाला, “मला कानाला कमी येतं. झोप न येण्याचं बघतात काय? माझी सून बाळंत झाल्यापासून झोपत नाही, कोणाशी बोलत नाही.”

“बघतात,” सेतुमाधवराव म्हणाले. “मनाचं सगळंच बघतात, असं सांगितलंय.” आणि पायरीवरचा पाय त्यांनी आत घेतला. मुरलीकृष्णनं शिट्टी मारली.

केंद्राच्या बाकावर त्या दिवशी पाच जण होते. चेल्लम्माही पानं तशीच ठेवून आली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ना उपदेश केला ना कपाळाला आठ्या घातल्या. किती, केव्हापासून, सकाळी हात कापतो काय, असं विचारत राहिले. मग म्हणाले, “एकट्यानं एकदम सोडू नका, सार. अंगाला झटके येतात. गोळ्या देतो, पहिले काही दिवस भारती रोज घरी येऊन बघेल. पुढच्या बुधवारी या. प्यालात तरी या. प्यालात तर नक्कीच या.”

शेजारच्या खोलीत समुपदेशक सुप्रभानं सरस्वतीबाईंना बसवलं. त्यांनी यजमानांची हकिगत सुरू केली. सुप्रभानं थोडं ऐकलं आणि विचारलं, “हे झालं त्यांचं. तुमचं कोण ऐकतं?”

सरस्वतीबाईंना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तमिळमध्येही नाही आणि मराठीतही नाही. त्या अर्धा तास तेथे बसल्या आणि बहुतेक वेळ रडल्याच. बाहेर आल्या तेव्हा यजमान गोळ्यांची पुडी धरून उभे होते, आणि त्यांनी आज पहिल्यांदाच विचारलं, “काय झालं तुला?”

पहिला आठवडा वाईट गेला. घाम, उलट्या, चिडचिड. भारती रोज येई. दुसरा आठवडा बरा गेला. बुधवारच्या बसमध्ये आता कुजबुज नव्हती, लोक सरळ विचारत, “सार, नंबर लवकर लावू?” केंद्रात शाळेतून दुसरा बाक आणावा लागला. त्या म्हाताऱ्याची सून तिसऱ्या बुधवारी आली, भिंतीकडे तोंड करून बसली. पाचव्या बुधवारी तिनं चेल्लम्माला पानाचा भाव विचारला. चेल्लम्माचा जावई अजून आला नव्हता. ती त्याच्यासाठी दर वेळी नंबर लावून ठेवी.

आठव्या महिन्यात हरिणी आली. एकच बॅग घेऊन, म्हणजे राहायचं की नाही हे अजून ठरायचं होतं. ओसरीच्या खांबाला टेकून ती उभी राहिली आणि बसलीसुद्धा नाही.

“अप्पा, किती दिवस झाले?”

सरस्वतीबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं, दोन महिने. नव्वद टक्के खरं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“एकोणीस,” सेतुमाधवराव म्हणाले.

“अम्मा तर फोनवर म्हणाली दोन महिने.”

“मध्ये एकदा प्यालो. जुना सोबती गेला, त्याच्या तेराव्याहून येताना. बुधवारी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला लावलं.”

हरिणी खांबापासून दूर झाली. मग म्हणाली, “दोन महिने म्हणाला असतात, तर मी याच बसनं परत गेले असते.”

“मग?”

“मग काय. राहते. पण बाळ झालं त्या दिवशी बुधवार असला तरी तुम्ही आधी केंद्रात जायचं, मग दवाखान्यात यायचं.”

“बरं.”

“आणि बॅग आत न्या. जड आहे.”

सेतुमाधवरावांनी बॅग उचलली. मधल्या खोलीपर्यंत जाताना त्यांनी ती एकदा खाली ठेवली, हात बदलला आणि पुन्हा उचलली.